जीएसटी वेळेत जातो, स्वतःची बिलं मात्र राहतात

हिशोबनीस (सोमवार, रात्री ९.५०)

नमस्कार मंडळी.

फोंड्याला माझी सीएची प्रॅक्टिस आहे. काल २० तारीख उलटली, ३बी (महिन्याच्या जीएसटी) रिटर्नांचा हंगाम संपला, म्हणून आज जरा डोकं वर काढून लिहितोय.

विषय चालढकलीचा आहे, पण लोळत पडणाऱ्या माणसाच्या चालढकलीचा नव्हे. सकाळी साडेनऊला ऑफिसात असतो, रात्री आठला शटर ओढतो. ११ आणि २० तारखेची रिटर्न आमच्याकडून चुकत नाहीत. नोटिशींची उत्तरंही वेळेत जातात. कारण उघड आहे : उशीर झाला की ३बीला दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क लागतं आणि क्लायंट डोक्यावर येऊन बसतो. पण ज्याला तारीख नाही ते काम जागचं हलत नाही. कळस म्हणजे फीची बिलं! ज्या कामाचे पैसे माझ्याच खिशात यायचे, त्याची बिलं काढायला मला मुहूर्त सापडत नाही. बायको म्हणते, लोकांचे ताळेबंद जुळवता आणि आपल्या घरच्या दूधवाल्याचे पैसे थकलेले.

दुसरं दुखणं फोनचं. क्लायंट बिलांचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतात. निम्मे आडवे, एखाद्याच्या रकमेवरच अंगठा. मग आवाजी निरोप येतो : "साहेब, तें कालचें मातशें पळयात" (ते कालचं जरा पाहा). कालचं म्हणजे कुठलं? ते शोधायला फोन उघडला की अर्धा तास गेला. बंद ठेवावा तर धंदा फोनवर चालतो.

तर प्रश्न दोन. फोनवर पोट असलेल्यांनी एकाग्र काम कधी आणि कसं करायचं? आणि जे काम नेमकं टाळलं जातं, ते करून घेण्याची युक्ती काय? पहाटे पाचला उठा असं कृपया कुणी सांगू नये. उठतो.

घुमट (सोमवार, रात्री १०.०५)

महत्त्वाचा विषय. सविस्तर प्रतिसाद फाल्यां (उद्या) देतो.

केपेंकार (सोमवार, रात्री १०.२०)

वाचनखूण साठवली. साठवलेल्या वाचनखुणा वाचायला एकदा आठवडाभर रजा घ्यायची आहे.

तपासनीस (मंगळवार, सकाळी ७.१५)

वेर्ण्याला औषध कंपनीत गुणवत्ता विभागात आहे. कंपनीच्या बसमधून टंकतोय. नवा झुआरी पूल झाल्यापासून कुठ्ठाळीला अडकणं कमी झालंय, त्यामुळे हल्ली प्रतिसाद आखूड होतात.

आमच्या उत्पादन विभागात मोबाईल न्यायला बंदी. गाऊन, टोपी, बुटांवरची आवरणं चढवायच्या आधी फोन लॉकरमध्ये. आत तास-दोन तास बॅच रेकॉर्ड तपासतो आणि फोनची आठवणसुद्धा येत नाही. तोच मी बाहेर टेबलाशी बसून डेव्हिएशनचा (ठरलेल्या पद्धतीत झालेल्या फरकाचा) रिपोर्ट लिहायला घेतला की दोन ओळी झाल्या, फोन. तीन ओळी झाल्या, फोन. माणूस तोच, मनोनिग्रह तोच. फरक फोन हाताशी आहे की कुलपात, एवढाच. त्यामुळे 'मन घट्ट करा' वगैरेवर माझा विश्वास उरलेला नाही. फोन दुसऱ्या खोलीत, आणि ती खोली शक्यतो वरच्या मजल्यावर.

दुसरं : आमच्याकडे डेव्हिएशन बंद करायला ३० दिवस मिळतात. पाचव्या दिवशी बंद झालेलं मी तरी पाहिलं नाही. सगळी २९व्या दिवशी संध्याकाळी. पार्किन्सन नावाच्या गृहस्थांनी १९५५ साली ब्रिटिश सरकारी नोकरशाहीची टिंगल करताना लिहिलं होतं, की काम हाती असलेला वेळ भरून काढेपर्यंत फुगत जातं. त्यांनी आमची फॅक्टरी पाहिली नव्हती, तरी बरोबर लिहिलं.

पेठकरी (मंगळवार, सकाळी ११.१०)

गोव्यात राहून चालढकलीवर उपाय विचारताय, गंमत वाटली. सुशेगाद राज्यात हा प्रश्न पडतो तरी कसा? (ह. घ्या.)

सोलकढी (मंगळवार, सकाळी ११.२५)

हलकेच घेतलं. आता जरा जड घ्या.

पोदेर (पाववाला) मध्यरात्री भट्टीपाशी उभा राहतो, म्हणून तुम्ही सुट्टीवर आलात की सकाळी होमस्टेच्या दारात भोंपू वाजतो आणि गरम उंडे मिळतात. मासळी विकणारी बाई तुमचा डोळा उघडायच्या आत जेटीवर जाऊन आलेली असते. आमच्याकडे दुपारी दुकानं बंद असतात हे खरं. पण दुपारी एक ते चार बंद या विषयावर पुण्याने बोलावं?

पेठकरी (मंगळवार, सकाळी ११.२८)

माघार.

केपेंकार (मंगळवार, सकाळी ११.४०)

मंडळी, एकाग्रतेवरच्या धाग्यावर सगळे प्रतिसाद ऑफिसच्या वेळेत येतायत, याकडे नम्रपणे लक्ष वेधतो.

म्हापशेकरीण (मंगळवार, दुपारी २.१५)

जेवणाच्या सुट्टीत लिहितेय, केपेंकारांनी नोंद घ्यावी.

मी वकील, म्हापशाला प्रॅक्टिस. वर फोनवर बरंच झालं. पण घरी बसून दावा लिहायला घेतला की माझं लक्ष फोन नाही मोडत, माणसं मोडतात. "आई, कंपास पेटी", "सुनबाई, गॅसवाला आलाय", आणि नवरा घरात असूनही मलाच विचारणार की हळद कुठे. बायकांना कामं टाळायलासुद्धा सलग वेळ मिळत नाही, हे कुणीतरी लिहायला हवं होतं, म्हणून लिहिलं.

माझा तोडगा असा. कोर्ट सुटलं की लगेच घरी जात नाही. गाडी सावलीत लावते, काचा खाली करते आणि मांडीवर फाईल घेऊन पहिला खर्डा हाताने लिहिते. लॅपटॉप नाही, फोन डिकीत. हाताने लिहायचं कारण, हाताने लिहिताना मी मागे जाऊन वाक्यं सजवत नाही. घटना तारीखवार उतरली की अर्धा दावा झाला.

उठताना समासात उद्याचं पहिलं काम लिहिते, तेही अगदी बारीक. 'दावा पूर्ण करणे' असं नाही. 'परिच्छेद ७, विक्रीखताची तारीख मूळ प्रतीवरून पडताळणे' असं. दुसऱ्या दिवशी डोकं कितीही बधिर असलं तरी तारीख पडताळता येते, आणि तेवढं झालं की पुढचं आपोआप सुरू होतं. 'दावा पूर्ण करणे' वाचलं असतं तर चहा करायला उठले असते.

हिशोबनीस, तुमच्या बिलांचं मला वेगळंच वाटतं. रात्री सवडीने लिहिते.

रिमोट_साळगाव (मंगळवार, दुपारी ३.४०)

सॉफ्टवेअरमध्ये आहे, कंपनी बंगळूरची, मी साळगावला घरून काम करतो. पावसाळ्यात वीज गेली की इन्व्हर्टर, इन्व्हर्टर संपला की मोबाईलचं नेट, आणि मोबाईलचं नेट म्हटलं की रील्स. या साखळीला कंटाळून लांबलचक काम असेल तेव्हा पणजीला पाटोवर कृष्णदास शामा ग्रंथालयात जाऊन बसतो. १८३२ साली पोर्तुगीज अमदानीत सुरू झालेली संस्था, आताची इमारत नवी. वाचनकक्षात आजूबाजूला स्पर्धापरीक्षावाली मुलं मान वर न करता बसलेली असतात. त्यांच्यामध्ये फोन काढून स्क्रोल करायची लाज वाटते. ही लाज फार उपयोगी. घरी ती कुणाची वाटणार, मांजराची?

तंत्रांपैकी पोमोदोरो पुष्कळ दिवस केलं. फ्रान्सेस्को चिरिल्लो नावाच्या इटालियन माणसाने १९८०च्या दशकाच्या शेवटी विद्यार्थी असताना शोधलं. स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं घड्याळ, २५ मिनिटं काम, ५ मिनिटं विश्रांती. ईमेल, फॉर्म, टाइमशीट असल्या किरकोळ कामांना झकास. कोडिंगला मला जमलं नाही. सगळा गुंता डोक्यात मांडून होईपर्यंतच वीस मिनिटं जातात, आणि जरा पकड आली की ट्रिंग! आता घड्याळ फक्त सुरुवात करायला लावतो, थांबायला नाही.

घुमट (मंगळवार, दुपारी ३.५५)

टोमॅटोचे भाव बघता हे तंत्र परवडत नाही. गोव्यात भिंडां (कोकमं) लावून करता येईल का?

चोडणकार (मंगळवार, संध्याकाळी ६.३०)

माझं घड्याळ म्हणजे फेरीबोट. रोज रायबंदर-चोडण. गाडी घेऊन रांगेत थांबलं की एक बोट चुकते, कधी दोन. पूर्वी चडफडायचो. आता व्हॉट्सॲपची सगळी उत्तरं, फोन, बँकेचे निरोप मी त्या रांगेतच निपटतो. ऑफिसात कुणी "मेसेज बघितलास?" म्हणाला की सांगतो, धक्क्यावर बघतो. लोकांना सवय झालीय. बोटीत चढल्यावर फोन खिशात, कारण पलीकडे पक्षी अभयारण्याच्या बाजूला बघायला काहीतरी असतंच.

पूल झाला तर माझ्या उत्पादकतेचं काही खरं नाही.

डिचोलीचा_डॉक्टर (मंगळवार, रात्री १०.१०)

ओपीडी संपवून आलो. थोडं शास्त्राचं बोलतो, कंटाळा आला तर पुढे सरका.

चालढकल ही वेळेच्या नियोजनाची अडचण आहे, असं आपण धरून चालतो. टिमोथी पिचिल आणि फुशिया सिरॉइस या संशोधकांनी २०१३च्या एका लेखात वेगळी मांडणी केली : माणूस काम टाळत नाही, त्या कामाशी चिकटलेली नकोशी भावना टाळतो. काम बाजूला सारलं की त्या घटकेला बरं वाटतं, आणि मेंदू नेमकं तेच शिकतो. म्हणून नवी डायरी, नवं ॲप, रंगीत वेळापत्रक यांनी चार दिवस उत्साह येतो आणि मग ये रे माझ्या मागल्या. वेळापत्रकाने भीती जात नाही.

व्यत्ययाचं म्हणाल तर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ग्लोरिया मार्क यांनी कचेऱ्यांमध्ये बसून लोकांच्या कामाच्या नोंदी घेतल्या. मोडलेल्या कामाकडे माणूस परतायला साधारण २३ मिनिटं लागतात, हा त्यांचा आकडा बराच गाजला. त्याहून मला महत्त्वाचं वाटतं ते त्यांचं दुसरं निरीक्षण : जवळपास निम्म्या वेळा व्यत्यय बाहेरून येत नाही, आपणच काम सोडून दुसरीकडे जातो. म्हणजे हिशोबनीस, सगळं क्लायंटच्या अंगठ्यावर ढकलू नका.

उपायांत एक साधा आणि तपासलेला. पीटर गॉल्विट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं, की 'मी अमुक करीन' एवढं ठरवण्यापेक्षा 'अमुक घडलं की लगेच तमुक करीन' असं ठरवलेलं जास्त पार पडतं. मधुमेहाच्या रुग्णांना मी हेच सांगतो. 'चालायला जा' म्हटलं की कुणी जात नाही. 'संध्याकाळी देवळात दिवा लागला की चप्पल घाला' म्हटलं की निदान काही जण जातात.

केपेंकार (मंगळवार, रात्री १०.२५)

डॉक्टर, हे एडीएचडी (लक्ष न टिकण्याचा विकार) तर नसेल? इन्स्टावर दहापैकी नऊ लक्षणं जुळली.

डिचोलीचा_डॉक्टर (मंगळवार, रात्री १०.४०)

इन्स्टावर माझीही जुळतात. निदानासाठी लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून दिसलेली असावी लागतात, आणि एकाच ठिकाणी नव्हे. घरी, शाळेत, कामावर, निदान दोन ठिकाणी. पस्तिशीत नवा फोन घेतल्यापासून सुरू झालं असेल तर बहुधा फोनच. मात्र लहानपणापासून वस्तू हरवणं, बोलणं अर्धवट ऐकणं, हातातलं काम मध्येच सुटणं असं चालू असेल आणि त्यापायी नोकरी किंवा संसार अडत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना जरूर दाखवा. बांबोळीला मनोरुग्णालय म्हणून लोक कचरतात ती संस्था अशाच कामासाठी आहे. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

तिसरी_घंटा (बुधवार, सकाळी १०.३०)

सगळे चालढकलीला शिव्या घालतायत, म्हणून मी तिची बाजू घेतो.

आमच्या गावात देवळाच्या उत्सवाला दरवर्षी मराठी नाटक असतं. गोव्यात हे नवीन नाही, गावोगाव आहे. तालमी दोन महिने आधी सुरू होतात. पहिला महिना कोण कुठली भूमिका करणार यावर रुसवेफुगवे. दुसऱ्या महिन्यात निम्मे जण तालमीला येत नाहीत. कुणाची नाईट शिफ्ट, कुणाची काजूची बोंडं पडलेली. संहिता पाठ कुणाचीच नसते. आणि शेवटच्या आठ दिवसांत काय होतं ते बघायला या! रात्री दोन-दोनपर्यंत देवळाच्या मंडपात आवाज, दिवसा दुकानाच्या गल्ल्यावर बसून स्वगतं घोकणं. नाटकाच्या दिवशी पडदा वेळेवर वर जातो (वेळेवर म्हणजे गावच्या वेळेवर) आणि लोक टाळ्या देतात. ती आठ दिवसांची धग दोन महिने पुरवून वापरता आली असती का? मला नाही वाटत. काही कामांना आग लागावीच लागते.

खडू_फळा (बुधवार, दुपारी १.०५)

तिसरी_घंटा, अशाच एका नाटकात मी विंगेत प्रॉम्प्टर असतो. पडदा वर जातो हे प्रेक्षकांना दिसतं. दुसऱ्या अंकात नायक तिसऱ्या अंकाचं वाक्य बोलून मोकळा होतो, नायिका बिचारी काही कारण नसताना रडायला लागते, आणि ते सगळं पुन्हा रुळावर कोण आणतं ते विंगेत दिसतं. शेवटच्या क्षणी काम करणाऱ्या प्रत्येक माणसामागे असा एक प्रॉम्प्टर असतो. ऑफिसात तो हाताखालचा ज्युनिअर, घरात बायको.

कॉलेजात शिकवतो, त्यामुळे स्वाध्यायांच्या तारखा हा माझा रोजचा विषय. २००२ साली एरिली आणि वर्टेनब्रोख यांनी मजकूर तपासायचं काम तीन गटांना दिलं. एकाला ठरावीक अंतराने तारखा नेमून दिल्या, एकाने आपल्या तारखा आपण ठरवल्या, एकाला शेवटची एकच तारीख. नेमलेल्या तारखांचं काम सर्वांत चांगलं, स्वतः ठरवलेल्यांचं मधलं, आणि शेवटच्या एकाच तारखेचं सगळ्यात वाईट. म्हणून मी मुलांना विषय एका तारखेला, मुद्दे दुसऱ्या, पहिला खर्डा तिसऱ्या तारखेला मागतो. मुलं वैतागतात. पण आंतरजालावरून जसंच्या तसं उचलणं कमी झालं, कारण मधल्या टप्प्यांना उचलायला काही मिळत नाही.

पेन्शनीत_सुखी (बुधवार, दुपारी ४.२०)

आमच्या वेळी ही थेरं नव्हती. मी राज्य सरकारच्या लेखा विभागात आयुष्य काढलं. आवक नोंदवही असायची. पत्र आलं की क्रमांक, विषय, कुणाकडे दिलं आणि शेवटच्या रकान्यात निपटाऱ्याची तारीख. तो रकाना रिकामा राहिला की दर सोमवारी अधीक्षकांच्या टेबलासमोर उभं राहून कारण सांगावं लागे. सगळ्यांदेखत. त्यापुढे तुमची ॲपं काय करणार? हिशोबनीसांनी एक जाड वही घ्यावी, रकाने आखावेत, सोमवारी सकाळी हाताखालच्या मुलांनी साहेबांना विचारावं. उलटं. साहेबांनी मुलांना नव्हे.

सोलकढी (बुधवार, दुपारी ४.३५)

काका, आदरपूर्वक विचारते : सरकारी कचेरीत काम पटापट व्हायचं, असं म्हणताय?

पेन्शनीत_सुखी (बुधवार, दुपारी ४.५०)

आमच्या टेबलावर व्हायचं. शेजारच्या टेबलाचं मी सांगू शकत नाही.

ताळेबंद (बुधवार, रात्री ८.४५)

हिशोबनीस, मी तुमच्याच जातकुळीतली, मडगावची. फोन आणि बिलं दोन्हींवर लिहिते.

फोन : ऑफिसचा वेगळा नंबर घ्या, त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस टाका आणि तो फोन ऑफिसातल्या मुलांकडे ठेवा. आपोआप जाणारा निरोप लावता येतो : 'कागद मिळाले. उत्तर दुपारी तीन ते चारमध्ये मिळेल.' लोकांना उत्तर लगेच नको असतं, पोचलं की नाही एवढंच हवं असतं. ज्याला खरोखर घाई आहे तो फोन करतोच. आवाजी निरोपांना मी उत्तर देत नाही, मुलगी लिहून कळवते, "कृपया महिना आणि बिल क्रमांक लिहून पाठवा." सुरुवातीला कुरकुर झाली. आता बहुतेक सरळ फोटो पाठवतात. अंगठा अजून असतो.

सकाळी दहा ते बारा माझ्या केबिनचं दार बंद. ऑडिटच्या दिवसांत, सप्टेंबर अखेरीला, हे कोलमडतं. कोलमडू देते.

बिलं : आमच्याकडे काम संपल्यावर बिल काढतच नाहीत. रिटर्न भरल्याची पावती ज्या फाईलला लागते, तिच्या मागेच बिलाचा छापील नमुना लावलेला असतो. पावती लावणारी मुलगी तिथेच रक्कम भरते. रक्कम वर्षाच्या सुरुवातीच्या पत्रात ठरलेली, त्यामुळे तिला मला काही विचारावं लागत नाही. डॉक्टरांचं 'अमुक झालं की तमुक' ते हेच असावं. मी फक्त सही करते. सही टाळायला मलाही आवडेल, पण मुलगी उभी असते.

म्हापशेकरीण (बुधवार, रात्री १०.३०)

ताळेबंद यांनी बरंचसं सांगितलं, तरी काल जे मनात होतं ते लिहितेच.

हिशोबनीस, तुमची राहिलेली बिलं नावं घेऊन डोळ्यांसमोर आणा. माझी पैज आहे, मोठ्या कंपनीचं बिल राहिलेलं नसेल. राहिली असतील ती मावसभावाच्या हार्डवेअरची, देवळाच्या समितीवर बरोबर असलेल्या गृहस्थांची, बायकोच्या मैत्रिणीच्या ब्युटी पार्लरची. फोंड्यात कोण कुणाचा नातलग नाही? बिल पाठवलं तर चवथीला त्यांच्या घरी आरतीला कुठल्या तोंडाने जायचं, असं वाटत असणार. हा आळस नव्हे, भीड आहे. आणि भीड भिकेची बहीण.

इतक्या वर्षांच्या वकिलीत मी एक बघितलंय. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या बहुतेक कामांमागे एखादा माणूस असतो. ज्याच्याशी बोलायचं नाही, ज्याच्याकडे पैसे मागवत नाहीत, ज्याला नकार द्यायचाय. आपण काम पुढे ढकलतो असं आपल्याला वाटतं, प्रत्यक्षात ती भेट ढकलत असतो. तिथे टोमॅटोचं घड्याळ काय करणार? यादीतल्या प्रत्येक अडलेल्या कामापुढे माणसाचं नाव लिहून बघा.

रिमोट_साळगाव (बुधवार, रात्री १०.५०)

ताई, थोडी असहमती. माझं सगळ्यात जुनं अडलेलं काम म्हणजे स्वतःच्या कोडचं डॉक्युमेंटेशन. त्यामागे माणूसबिणूस काही नाही, निव्वळ कंटाळा. कंटाळ्यावर मला लागू पडलेला उपाय एकच, दुसऱ्या कुणाबरोबर बसून तेच काम करणं. शुक्रवारी दुपारी मी आणि एक सहकारी व्हिडिओ कॉल लावतो, आवाज बंद, दोघंही आपापलं रटाळ काम करतो. तोंडं दिसत असतात, बस्स.

हिशोबनीस (गुरुवार, सकाळी ६.४०)

सर्वांना धन्यवाद. म्हापशेकरीण ताई, रात्री यादी काढली. हार्डवेअर मावसभावाचं नाही, मेहुण्याचं आहे. बाकी तुम्ही फोंड्याला येऊन माझ्या फाईली बघून गेलात की काय, अशी शंका आली.

ताळेबंद, वर्षाच्या सुरुवातीचं पत्र मीही देतो, पण फक्त नव्या क्लायंटना. जुन्यांना आता मध्येच कसं द्यायचं? मेहुण्याला पत्र दिलं तर तो ते फ्रेम करून दुकानात लावील.

पेन्शनीत काका, वही आणली. मुलांना सोमवारी मलाच विचारायला सांगितलंय, ती भलतीच खूश आहेत.

ताळेबंद (गुरुवार, सकाळी ९.१०)

सगळ्यांना एकाच दिवशी, एकाच मजकुराचं द्या. 'नव्या आर्थिक वर्षापासून आमच्या कार्यालयाची पद्धत' असं. एकट्या मेहुण्याला दिलं तर ते भांडण होतं, सगळ्यांना दिलं की परिपत्रक. नात्यातल्यांना सवलत द्यायची असेल तर बिलात पूर्ण रक्कम दाखवा, खाली सवलत वजा करा. फुकट केलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही, वजा केलेलं राहतं.

घुमट (गुरुवार, सकाळी ९.२०)

मेहुणा हा धागा वाचत असेल तर?

पेन्शनीत_सुखी (गुरुवार, सकाळी ११.००)

वकीलबाईंचा कालचा प्रतिसाद दोनदा वाचला. सरकारी कागद मी कधी अडवला नाही, पण घरचा एक कागद अडलेला आहे. आमच्या घराच्या आणि कुळागराच्या (सुपारी-नारळाच्या बागेच्या) एक-चौदावर, म्हणजे जमिनीच्या उताऱ्यावर, अजून आजोबांचं नाव आहे. वडील जाऊनही वर्षं झाली. सोमवारची वही माझ्यावर चालत नाही, कारण मध्ये धाकटा भाऊ आहे. आमचं बोलणं नाही. पाटाच्या पाण्यावरून सुरू झालं, मग वाढत गेलं. मुलगा म्हणतो, बाबा, तुम्ही आहात तोवर करून टाका. सुरुवात कुठून करायची?

म्हापशेकरीण (गुरुवार, दुपारी १.५०)

काका, आधी वाटणीचा विषय काढूच नका. कुणाला कुळागर, कुणाला घर हे शेवटी. पहिल्यांदा फक्त वारस कोण, एवढंच कागदावर आणायचं. ते विशेष नोटरीपुढे होतं. गावात अजून त्याला हाबिलितासांवच म्हणतात. त्याला भावाशी भांडण्यासारखं काही नसतं, कारण तो वारस आहे हे तुम्हीही नाकारत नाही. आपल्याकडच्या कायद्यात सुनांची, जावयांची नावंही लागतात, त्यामुळे जन्म, मृत्यू आणि विवाहाचे दाखले दोन्ही पिढ्यांचे गोळा करावे लागतील. ते झालं की नावं लावण्याचा अर्ज. वाटणीवर एकमत झालं नाही तरच पुढे कोर्टात इन्व्हेंटरी (मालमत्तेची यादी करून वाटणी), आणि तीही एकमेकांच्या संमतीने करता येते.

भावाकडे पहिला निरोप फक्त त्याच्या लग्नाच्या दाखल्यासाठी पाठवा. स्वतः जाऊ नका, मुलाला पाठवा. पुतण्याला दाखला द्यायला सहसा कुणी नाही म्हणत नाही.

पेन्शनीत_सुखी (गुरुवार, दुपारी २.३०)

आजोबांचा मृत्यूचा दाखला पोर्तुगीज भाषेत आहे, वरचा कोपरा वाळवीने खाल्लेला. तो चालेल का?

म्हापशेकरीण (गुरुवार, दुपारी २.४०)

फाटलेला नको, नोंदणी कार्यालयातून नवी प्रमाणित प्रत काढा. साल आणि गाव माहीत असलं की जुन्या नोंदी सापडतात. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, काय काय लागेल त्याची यादी पाठवते.